शेंदूर लागलेली शेवंती

मी तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी म्हणायला नको, की बाई, एवढं चिडायचं कारण काय होतं? कारण लागत नव्हतंच. माझ्या नाकावर राग असतो असं बार्शीच्या आमच्या घरात सगळेच म्हणायचे, आणि लग्न होऊन नेऱ्याला आले तेव्हा तो राग काही मी बार्शीच्या स्टँडवर सोडून आले नाही.

ही दोन हजार तीन-चारची गोष्ट. नवरा हिंजवडीत एका कंपनीच्या ऑफिसात होता. नेऱ्यात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढच्या खिडकीतून भाताची खाचरं दिसायची आणि मागच्या खिडकीतून नव्या बिल्डिंगच्या सळया. मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेली. दोन माणसांचा स्वयंपाक सकाळी नऊलाच उरकायचा, मग दिवसभर भांडायला घरात कुणी नाही. शेवटी नवऱ्यानेच एक दिवस हात जोडले. म्हणाला, "काहीतरी काम शोध गं बाई, नाहीतर रोज संध्याकाळी माझी काही धडगत नाही."

कासारसाईच्या रस्त्याला फुलझाडांची एक छोटी टिश्यू कल्चर लॅब होती. जरबेरा, कार्नेशन, शेवंती अशा फुलांची रोपं तिथे बाटलीत तयार व्हायची. काम ऐकायला सोपं. झाडाचा एक इवला तुकडा कापायचा, जंतू मारणाऱ्या पाण्यात धुवायचा आणि बाटलीतल्या खिरीवर ठेवायचा. ही खीर म्हणजे साखर, क्षार आणि ती घट्ट व्हायला चायना ग्रास. बाटली उजेडाच्या फडताळावर ठेवली की काही आठवड्यांनी त्या तुकड्याला कोंब फुटतात, कोंबांची रोपं होतात. फक्त एक अडचण. साखर जशी रोपाला आवडते तशी बुरशीलाही आवडते, आणि बुरशी हवेत सगळीकडे. तुकडा ठेवताना एक कण जरी आत गेला तरी चार दिवसांत बाटलीत पांढरा कापूस. म्हणून गजरा बंद, बांगड्या बंद, कोपरापर्यंत स्पिरिट, तोंडाला फडकं, आणि गाळलेल्या हवेचा झोत सतत अंगावर सोडणाऱ्या टेबलापाशी बसून काम.

सरांना, म्हणजे मालकांना, काचेचा भारी सोस. बरीच वर्षं हॉलंडमध्ये फुलांच्या प्रयोगशाळेत काढून आलेले. त्यांची केबिन काचेची. टेबलांची खोली काचेची. तिच्या शेजारी बाटल्या धुवायची मोरी, त्या दोहोंच्या मध्येही काच. सगळ्यांना सगळे दिसायचे, पण हवेच्या पंख्यांची घरघर एवढी की कुणाचं काही ऐकू यायचं नाही.

पहिलं टेबल, मोरीच्या काचेला लागून असलेलं, मावशींचं. मावशी नेऱ्याच्याच. पन्नाशीच्या आसपास, चौथी शिकलेल्या, लॅबवर पत्रा पडायच्या आधीपासून कामावर. लहानपणापासून भाताची लावणी केलेला हात. आम्ही एक बाटली भरेपर्यंत त्यांच्या चार भरून व्हायच्या, आणि त्यांच्या फडताळावर बुरशी औषधालासुद्धा सापडायची नाही. मी शेवटच्या टेबलावर. माझं फडताळ बघायला तर बायका लांबून यायच्या. दीड महिना झाला तरी माझ्या निम्म्या बाटल्या पांढऱ्या. "म्याडमनी कापसाचं पीक घेतलंय," असं एकीने म्हटलं आणि मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. बी.एस्सी. मी होते, ती नव्हती. बुरशीला ते माहीत नव्हतं, एवढंच.

चहाच्या वेळेला सर कधीकधी रंगात यायचे. एकदा त्यांनी निळ्या कार्नेशनची गोष्ट सांगितली. कार्नेशनमध्ये निळा रंग मुळात नसतोच, मग परदेशातल्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या फुलाचं जनुक काढून त्यात घातलं आणि जांभळट निळं फूल केलं. मी तर डोळे विस्फारून ऐकत होते. मावशींनी बशीतला चहा संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "निळंच पायजे तर कुंपनावर गोकर्ण हाय की, सायेब. त्यासाठी एवडं लांब कशाला जायाचं?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "मावशी, आपल्याला नाहीच जायचं. आपल्याकडे ना ती यंत्रं, ना ती परवानगी. पण कधीकधी झाड स्वतःच बदलतं. कुणी काही न करता एखाद्या फांदीला वेगळ्या रंगाचं फूल येतं. असं काही दिसलं तर मला सांगा. तेवढं आपलं स्वतःचं."

आणि मला दिसलं. मार्गशीर्ष नुकता लागला होता. लॅबच्या मागे शेवंतीचा वाफा होता, नव्या आणलेल्या गुलाबी जातीचा, पहिल्यांदाच फुलायला आलेला. एका झाडावर पहिलंच फूल अर्धवट उमललं होतं आणि त्याची एक बाजू गुलाबी, दुसरी बाजू शेंदरी. सुरी घेऊन मधोमध वाटून दिल्यासारखी. मी सरांना ओढतच घेऊन आले. सर गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला, खाली केला.

"फांदीत हा बदल नाही," ते म्हणाले. "पानात नाही, देठात नाही. फक्त ह्या अर्ध्या फुलात आहे. ह्या पाकळ्यांपासून रोप उभं केलं तरच हा रंग आपला. नाहीतर फूल सुकलं की संपलं. गुरुवारी पूर्ण उमलेल, तेव्हा कापू. तुम्ही शोधलंत, तुम्ही लक्ष ठेवा."

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! दीड महिन्यात पहिल्यांदा मला कुणी शाबास म्हटलं होतं. मी एक पाटी केली, त्यावर ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं की हात लावू नये, आणि झाडाशेजारी रोवली. इंग्रजी मीच आणि सरच वाचणार होतो. हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गुरुवारी सकाळी वाफ्यावर गेले तर पाटी जागच्या जागी, झाड जागच्या जागी, आणि फूल नाही. देठ वरून खुडलेला. मी तशीच धावत आत आले. बायका टेबलं पुसत होत्या.

"वाफ्यातलं फूल कुणी तोडलं?"

"मी न्हेलं," मावशी म्हणाल्या. अगदी सहज, मी जणू दूध तापवलं का म्हणून विचारलं होतं.

"कुठे?"

"भैरोबाला. नव्या जातीचं पयलं फूल भैरोबाचं. हितं पयल्यापासून तसंच हाय. जरबेराचं बी मीच न्हेलतं, कार्नेशनचं बी. आज पहाटं येताना वाफ्यावरनं आले, बघितलं तर उमललेलं. तशीच माघारी नेऱ्याला गेले, चांगलं धुवून-बिवून देवळात वाहिलं."

"अहो, पण ते फूल... पाटी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की. मला वाटलं, जातीचं नाव आसंल."

आता सांगा, इथे शहाण्या माणसाने काय करायचं? तोंड आवरायचं. मी नाही आवरलं. सगळ्यांसमोर अडाणी काय, बेजबाबदार काय, जे तोंडाला आलं ते बोलले, आणि एवढ्यानेही पोट भरलं नाही म्हणून तरातरा सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांना अजून काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. हातवारे करकरून सांगितलं. मावशींकडे बोट दाखवून सांगितलं.

सरांनी मावशींना बोलावून घेतलं. मी केबिनच्या दाराशीच उभी होते, त्यामुळे सगळं ऐकलं. सरांनी विचारलं तेव्हा मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सायेब, तुमीच म्हनला हुता न्हवं, हे कुणी करत न्हाई, आपसूक हुतं? आपसूक हुतं म्हंजी देवानंच केलं. मंग त्येचं त्येला आदी दावायला नको?"

बोलण्यात हरला की माणूस जास्त चिडतो, हे मला माझ्यावरूनच माहीत आहे. सर म्हणाले, "आजपासून टेबलावर बसू नका. मोरीत बाटल्या धुवा. त्या फुलाचा रंग परत मिळाला तर तुमचं टेबल तुमचं. नाही मिळाला तर मोरी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बसा त्यांच्या टेबलावर."

माझा राग तिथल्या तिथे उतरला. मावशींनी टेबलावरचा आपला चिमटा आणि पातं स्पिरिटच्या भांड्यात नीट ठेवलं, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि काचेपलीकडे जाऊन बाटल्यांना ब्रश मारायला लागल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पंख्यांच्या घरघरीत केबिनमधलं काही ऐकू गेलं नसणार, तेव्हा मी सरांकडे चुगली केली हे त्यांना माहीत नसेल, सरांना आपणच कळलं असेल असं त्यांना वाटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या समजुतीवर मी पुढचे आठ महिने काढले.

दुपारच्या सुट्टीत मीच मोरीत गेले. "मावशी, फूल अजून देवळातच असेल ना?"

त्यांनी वर पाहिलं. "आसंल की. निर्माल्य सांजच्याला काढत्यात."

"मग चला."

नेऱ्यापर्यंत आम्ही जवळजवळ पळतच गेलो. देवळात गुरव एकटे भिंतीला टेकून बसले होते. फूल भैरोबाच्या पायाशीच होतं, ताजंतवानं. फक्त गुरवांनी सकाळच्या पूजेला भैरोबाला तेल-शेंदूर चढवला होता आणि त्याच बोटांनी फूल सारखं केलं होतं. अख्खं फूल शेंदराने माखलेलं. गुलाबी कुठलं आणि शेंदरी कुठलं, ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

"देवाला वाहिलेलं परत न्हेत्यात व्हय?" गुरव म्हणाले.

"न्हेत न्हाईत," मावशी म्हणाल्या, आणि देवासमोर गुडघे टेकले. "देवा, मोरीतनं आलेय, हात वले हायेत, राग मानू नगंस. ह्ये एक फूल मला उसनं दे. ह्येच्यासारखंच दुसरं आनून देती. आन् न्हाई आनलं तर मोरी हायेच मला." मग गुरवांकडे वळून म्हणाल्या, "इच्यारलंय त्येला. न्हाई म्हणला न्हाई." आणि फूल उचललं.

लॅबमध्ये आल्यावर मी फुलाकडे बघत डोक्याला हात लावून बसले. तेलातला शेंदूर पाण्याने जात नाही. साबणाने जातो, पण पुसट राहतोच. मावशींनी कोमट साबणाच्या पाण्यात एकेक पाकळी सोडवून धुतली, सकाळभर बाटल्या धुतल्याचा राग पाकळीवर न काढता. तरी सगळ्या पाकळ्या वरून तांबूसच.

"कशा ओळखायच्या?" मी म्हटलं. "झालं सगळं."

"उलट्या कर की," मावशी म्हणाल्या.

पाकळ्यांच्या मागच्या अंगाला शेंदूर फारसा लागला नव्हता. गुलाबी पाकळीची पाठ पांढुरकी, शेंदरी पाकळीची पाठ पिवळसर. सरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, शेंदरी रंग म्हणजे गुलाबीच्या खाली पिवळा. मी तीन वर्षं फुलांचे रंग पाठ केले होते आणि पाकळी उलटी करायचं मला सुचलं नाही. खात्रीच्या सात पाकळ्या निघाल्या. आणखी पाचांना तेल मागपर्यंत झिरपलं होतं, त्यांचं काही सांगता येईना. सर म्हणाले, त्याही ठेवा. त्या ओल्या कापसात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि खात्रीच्या सात मी त्याच दिवशी बाटल्यांत ठेवायला घेतल्या.

मावशींच्या टेबलावर बसून, मावशींच्या चिमट्याने. काचेपलीकडे मावशी बाटल्या धुत होत्या. मध्येच त्यांनी काचेवर टकटक केली. मी वर पाहिलं तर त्या हाताने काहीतरी दाखवत होत्या. मला वाटलं, ह्या आता मला शिकवणार का? मी मान खाली घालून काम चालू ठेवलं. पुन्हा टकटक. पुन्हा मी पाहिलं नाही. सात पाकळ्यांचे तुकडे चौदा बाटल्यांत ठेवले आणि सुटकेचा श्वास टाकला.

चौथ्या दिवशी चौदाच्या चौदा बाटल्यांत कापूस.

मी फडताळासमोर उभी राहून रडले. लाजलज्जा सोडून, नाक ओढत रडले. त्या बाटल्यांमध्ये मावशींचं टेबल होतं आणि ते मी माझ्या हाताने घालवलं होतं. मावशी मोरीतून आल्या, बाटल्या एकेक करून उचलल्या आणि म्हणाल्या, "रडून बुरशी मरती व्हय? फ्रिजातल्या पाच हायेत न्हवं? उद्या मी काचंवर टकटक केली की वर बघायचं. यवडंच कर."

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर बसले. पाकळ्या जंतुनाशकातून काढल्या, तीनदा पाण्यातून काढल्या, पातं ज्योतीवर धरलं. टकटक. मी वर पाहिलं. मावशींनी बोट ओठांवर ठेवलं होतं.

मला कळेना. मी खांदे उडवले. त्यांनी आपलं तोंड बोटांनी भराभरा उघडझाप करून दाखवलं, मग माझ्याकडे बोट केलं, मग नाकाखाली घसरणारं फडकं दाखवलं. आणि अगं बाई, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मी काम करताना पुटपुटते. सारखी. सकाळी नवऱ्याने टॉवेल कुठे टाकला इथपासून ते सासूबाई फोनवर काय म्हणाल्या इथपर्यंत, सगळी भांडणं मी टेबलावर बसून पुन्हा भांडते. दर वाक्याला फडकं खाली सरकायचं आणि दर वाक्याला बाटलीत बुरशी. पंख्यांच्या आवाजात कुणाला ऐकू येत नव्हतं, पण मावशींनी काचेतून माझं तोंड पाहिलं होतं. बाकीच्यांनीही पाहिलं असेल. मला सांगायची हिंमत कुणाची होती?

मी तोंड मिटलं. आयुष्यात इतका वेळ मी जागेपणी कधी गप्प बसले नसेन. मावशी पलीकडून दाखवत गेल्या आणि मी करत गेले. बाटली उभी नाही, आडवी धर. उघड्या तोंडावरून हात नेऊ नको. पातं गार होऊ दे, घाई काय आहे? एकदा मी चुकीच्या बाजूने कापायला लागले तर त्यांनी साबणाच्या हाताने स्वतःच्याच कपाळावर अशी चापट मारली की फेस डोळ्यात गेला आणि पाच मिनिटं आमचं शिक्षण बंद पडलं. मला हसू फुटलं, पण तोंड मात्र उघडलं नाही.

पाच पाकळ्या, दहा बाटल्या. चौथ्या दिवशी तीन बाटल्यांत कापूस, सात स्वच्छ. आठव्या दिवशीही सात. मी रोज आल्या-आल्या फडताळाशी जायची आणि काचेतून मावशींना बोटं दाखवायची. सात. सात. मग चार तुकडे नुसतेच काळे पडले. उरल्या तीन बाटल्या. पाकळीच्या कडेला आधी फिकट गाठी आल्या, आणि माघ लागता लागता त्यातल्या एका गाठीवर हिरवा ठिपका. मी काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. मावशींच्या हातातली बाटली फुटता फुटता वाचली.

त्या सहा-सात महिन्यांत सरांनी दोनदा मला विचारलं, "आता तुमच्या सगळ्याच बाटल्या स्वच्छ कशा?" मी दोन्ही वेळा सांगितलं की मोरीतून शिकले. सर 'हं' म्हणाले. शब्द दिला की सर त्यापासून हलत नसत. फुलाचा रंग दिसेपर्यंत मोरी म्हणजे मोरी. आणि मावशींनीही कधी रदबदली करा म्हणून सांगितलं नाही. फक्त संध्याकाळी जाताना खुंटीवरचा आपला ॲप्रन झटकायच्या.

तीन बाटल्यांतून शेवटी पाच रोपं कुंडीपर्यंत आली. शेवंतीला फुलायला रात्र मोठी लागते, म्हणजे खरं तर दिवाळीपर्यंत थांबायला हवं. पण सरांनी युक्ती सांगितली. ज्येष्ठापासून रोज संध्याकाळी पाचला कुंड्यांवर काळं कापड टाकायचं आणि सकाळी काढायचं, म्हणजे झाडाला वाटतं हिवाळा आला. हे काम मावशींनी घेतलं. पाऊस असो, वारा असो, पाचच्या ठोक्याला काळं कापड. "निजा आता, बायांनो," असं रोपांना म्हणायच्या. एकदा नवऱ्याने हे ऐकलं, तो मला न्यायला आला होता. म्हणाला, "तुला पण टाकतील का गं एखादं कापड?"

श्रावणात कळ्या रंग दाखवायला लागल्या. पहिल्या कुंडीतली गुलाबी. मी मनाशी म्हटलं, असू दे, अजून चार आहेत. दुसरीही गुलाबी. तिसरी गुलाबी. चौथी उमलायला लागली तेव्हा मी बघायलाच गेले नाही, एका बाईने येऊन सांगितलं, गुलाबी. पाचवी कळी घट्ट मिटलेली. दोन दिवस, तीन दिवस. मावशी तिच्यावरही कापड टाकत होत्या, काढत होत्या. मी म्हटलं, "मावशी, मला भीती वाटते." त्या म्हणाल्या, "मला बी." बस, एवढंच.

मंगळवारी सकाळी मी लॅबच्या फाटकातून आत आले तर मावशी कुंडीजवळ उकिडव्या बसलेल्या. हातात काळं कापड. मी जवळ गेले. फूल उमललं होतं. पूर्ण शेंदरी. एक पाकळी गुलाबी नाही. मावशींनी एक पाकळी हलकेच उलटी केली, तिची पाठ पिवळसर. आणि इतके महिने मोरीत उभी राहिलेली ती बाई तिथेच चिखलात बसून पोरीसारखी रडायला लागली. मीही. सर आले, त्यांनी फूल पाहिलं, चष्मा पुसला, आत गेले आणि खुंटीवरचा ॲप्रन स्वतः घेऊन आले.

"पहिलं फूल कुणाचं?" सरांनी विचारलं. सगळ्या बायका मावशींकडे बघायला लागल्या.

"बाटलीचं," मावशी म्हणाल्या. "ह्येच्या समद्या पाकळ्या आदी बाटलीत. देवाचं उसनं हाय, पर त्यो थांबंल. त्येला ठावं हाय मी कुटं राहती."

दुसरं फूल आठ दिवसांनी उमललं. ते घेऊन आम्ही दोघी भैरोबाला गेलो. मावशींनी ते देवापुढे धरून दाखवलं, "बघ, हुबेहूब हाय का न्हाई." गुरवांनी शेंदराच्या वाटीत बोट बुडवलं तशा आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "शेंदूर नको!" गुरव दचकून दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "तुमच्या फुलांचं काय कळत न्हाई बा."

परतताना रस्त्याला ऊन पडलं होतं, खाचरांत भात गुडघाभर झाला होता. मावशी पुढे, मी मागे. मला राहवेना. आठ महिने जे घशाखाली दाबून ठेवलं होतं ते बाहेर पडलंच.

"मावशी, त्या दिवशी सरांना मीच सांगितलं होतं. त्यांना काही माहीत नव्हतं. मी जाऊन तुमची चुगली केली. तुमचं टेबल माझ्यामुळे गेलं."

मावशी थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, "म्हाईत हाय की मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? समदी काच तर हाय हितं. तू सायेबाच्या खोलीत हात नाचवत हुतीस, माझ्याकडं बोट करत हुतीस. मी टेबलावरनं बघत हुते. ऐकू आलं न्हाई म्हणून दिसत न्हाई व्हय?"

मी रस्त्यात उभीच राहिले. म्हणजे पहिल्या दिवसापासून. काचेवर पहिली टकटक केली तेव्हाही. मी मान वर करत नव्हते तेव्हाही.

"मग मला शिकवलंत कशाला?" मी नाक ओढत विचारलं. "राग नाही आला माझा?"

"आला की. लई आला. दोन दीस भाकर गोड लागली न्हाई." मग त्या वळल्या आणि पदराने माझे डोळे पुसले, जरा जोरातच. "पर त्या बाटल्या मरत हुत्या गं. त्येंनी कुणाची चुगली केलती? चल आता. उशीर झाला तर सायेब दोघींना बी मोरीत घालंल."

आणि आम्ही भरभर चालायला लागलो.